वरून कीर्तन, बॉनेटखाली तमाशा

'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण ज्याने काढली त्याने मोटारगाडी पाहिली नसेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्यांना ती फिट्ट बसते. रविवारी सकाळी बाहेरून शाम्पू, टायरला पॉलिश, काचेला वर्तमानपत्राचा बोळा, सगळं कसं चकाचक. आणि बॉनेट उघडलं की आत धानाचा कोंडा, तेलाचा काळा थर, बॅटरीवर पांढरा-हिरवा बुरा आणि कधीकधी उंदराचं अख्खं बाळंतपण! मग कुणीतरी म्हणतं, "एवढं काय त्यात, पाइप लाव अन् धुऊन टाक." आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते.

इंजिनची जागा घरच्या घरी कशी साफ करायची, आणि मुळात का करायची, हे या लेखात सांगायचा विचार आहे. मेकॅनिकलवाल्यांना यातलं थोडं आधीच माहीत असेल. कॉम्प्युटर आणि सिव्हिलवाल्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण घरची गाडी त्यांच्याकडेही असते!

आपल्याकडची घाण कुठून येते?

१९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा म्हणजे धान, तलाव आणि जंगल. गोंदियाला राइस सिटी म्हणतात ते उगीच नाही. भातगिरण्यांच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावर गाडी उभी केली तर अर्ध्या तासात काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा कोंडा निघतो. तो कोंडा बऱ्याच गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्या वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा राख उरते. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. म्हणजे आपण जिला नुसती धूळ समजतो ती खरं तर बारीक पॉलिश पेपरची भुकटी आहे. कोरड्या फडक्याने ती खसाखसा पुसली तर रंगावर ओरखडे पडतात, आणि एअर फिल्टर चुकवून ती सिलिंडरमध्ये गेली तर लायनर आणि रिंगा झिजतात.

दुसरी घाण मुरमाच्या रस्त्यांची. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आतल्या रस्त्यांवर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल. तिसरी घाण इंजिनची स्वतःची: कुठल्यातरी गास्केटमधून पाझरलेलं तेल. एकटं तेल फारसं त्रास देत नाही, एकटी धूळही नाही. दोघं भेटले की त्यांचा डांबरासारखा थर तयार होतो. चौथे आपले उंदीरमामा. गाडी अंगणात तणसाच्या ढिगाजवळ उभी असली आणि आठ-दहा दिवस हलली नाही, की त्यांना उबदार, छप्पर असलेलं घर फुकटात मिळतं.

घाण असली तर बिघडतं काय?

लोक म्हणतात, घाणीमुळे इंजिन तापतं. हे अर्धंच खरं आहे. आय. सी. इंजिनच्या प्रॅक्टिकलला आपण हीट बॅलन्स शीट काढतो, ती आठवा. इंधनाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला बहुतेक कूलंटमधून रेडिएटरकडे जातो. इंजिनच्या अंगावरून थेट हवेत जाणारी उष्णता त्यामानाने थोडी. म्हणजे ब्लॉकवर मातीचा थर बसला म्हणून गाडी उकळत नाही. रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये कोंडा आणि किडे अडकले तर मात्र उकळते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तर नक्कीच. म्हणून साफसफाईत पहिला मान रेडिएटरचा.

खरं नुकसान होतं ते चार ठिकाणी.

एक, आग. भुशाची शेगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना कोंडा कसा जळतो हे सांगायला नको. एक किलो कोंड्यातून तीन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. त्यात तेल मुरलं आणि असा गोळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ पडला, की ती वातच झाली. चालत्या गाडीत मॅनिफोल्डचं तापमान काही शे अंशांपर्यंत जातं. शेजारून पेट्रोलची नळी जात असेल तर पुढचं बोलायला नको.

दोन, बॅटरी. बॅटरीच्या डोक्यावर आम्लाचा ओलावा आणि धूळ यांचा थर बसला की त्यातून बारीक करंट वाहत राहतो आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची लाल पिन पॉझिटिव्ह टर्मिनलला लावा आणि काळी पिन बॅटरीच्या प्लॅस्टिकवर फिरवा. घाणेरड्या बॅटरीवर मीटर चक्क व्होल्टेज दाखवतं! होस्टेलवर मित्राच्या गाडीवर मी हे करून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "का बे, जादू करतो का?"

तीन, रबर. फॅन बेल्ट, होजपाइप, इंजिन माउंटिंग हे सगळं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

चार, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: काही दिसत नाही. गळती कुठून आहे, नळीला चीर गेली आहे का, वायर कुरतडली आहे का, हे घाणीखाली झाकलं जातं. डॉक्टर चादर बाजूला करून पेशंट तपासतो. आपण मात्र चादरीवरूनच विचारतो, "काय होतंय?"

पाइप का नको? थोडं गणित करू

गाडीतले बरेच विजेचे कनेक्टर वॉटरप्रूफ असतात, हे खरं. पण वॉटरप्रूफ म्हणजे किती? चांगल्या कनेक्टरवर आयपी ६७ असा दर्जा असतो. त्याचा अर्थ, वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवली तरी आत नुकसान होण्याइतकं पाणी जाऊ नये. आता १ मीटर पाण्याचा दाब काढा: १००० गुणिले ९.८१ गुणिले १, म्हणजे ९८१० पास्कल, ढोबळमानाने ०.१ बार. आणि घरगुती प्रेशर वॉशरचा दाब असतो १०० बारच्या आसपास. नोझलपासून दूर गेल्यावर मारा कमी होतो, हे मान्य. तरी ज्याची परीक्षा ०.१ बारला झाली त्याच्या तोंडावर हजारपट दाबाची पिचकारी धरण्यात शहाणपण नाही. जुन्या गाड्यांमध्ये, जिथे सील वाळून तडकलेले असतात, तिथे तर मुळीच नाही.

दुसरं गणित गरम इंजिनचं. समजा एखाद्या बंद कनेक्टरमध्ये ८० अंश सेल्सिअसची हवा आहे. त्यावर थंड पाणी पडलं आणि ती हवा ३० अंशांवर आली. केल्व्हिनमध्ये ३५३ वरून ३०३. आकारमान तेच राहिलं तर दाब १ बारवरून ०.८६ बारवर येतो. म्हणजे आत ०.१४ बारची ओढ तयार झाली, जवळपास १.४ मीटर पाण्याइतकी! पाण्याला ढकलायची गरजच नाही, कनेक्टर स्वतःच ते आत ओढून घेतो. शिवाय तापलेल्या मॅनिफोल्डवर थंड पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती वेगळीच. म्हणून इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. ४५ अंशांवरून ३० वर येताना हीच ओढ ०.०५ बारच्या आत राहते.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी एका वॉशिंग सेंटरवर अशीच दणकून धुतली गेली. कार्बोरेटरची जुनी गाडी, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत पाणी गेलं. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या ऐवजी ओल्या टोपीतच इकडेतिकडे पळायला लागली. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली आणि लग्नाला निघालेली मंडळी बसने गेली. नव्या इंजेक्शनच्या गाडीत हेच पाणी सेन्सरच्या कनेक्टरमध्ये गेलं तर बिघाड लगेच दिसत नाही. पिनांना गंज चढतो आणि महिन्याभराने चेक इंजिनचा दिवा लागतो. तेव्हा कुणाला आठवत नाही की गाडी कधी धुतली होती.

रॉकेल का नको?

गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेल फवारून इंजिन धुताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेलकट थर निघतो, यात वाद नाही. पण आपल्याकडच्या मानकाप्रमाणे रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस इतकाच लागतो. गोंदियात मे महिन्यात सावलीतली हवाच त्यापेक्षा गरम असते! म्हणजे ठिणगी मिळाली तर पेट घेईल इतकी वाफ त्यावर असू शकते, आणि ठिणगी द्यायला बॅटरी शेजारीच बसलेली आहे. पेट्रोलचं तर नावच काढू नका. वर रबराचं नुकसान आहेच. कपडे धुण्याचा जहाल सोडा किंवा कॉस्टिकही नको, कारण ते ॲल्युमिनियम खातं.

मग वापरायचं काय? भांडी घासायचं साधं लिक्विड पाण्यात कालवून. थर फारच जुना असेल तर दुकानात मिळणारं पाण्यात मिसळणारं डिग्रीझर.

आता प्रत्यक्ष कृती

सामान असं: रंगाचा जुना ब्रश, जुना टूथब्रश, सुती फडकी (जुनं धोतर किंवा साडी उत्तम), स्प्रेची बाटली, खाण्याचा सोडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड, रबरी हातमोजे, मास्क, आणि दहा नंबरचा पाना. वेळ दोन ते तीन तास. जागा सावलीची, पण हवेशीर.

१. गाडी बंद, किल्ली खिशात, इंजिन कोमट. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. कारण सोपं आहे: गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधी निघाली असेल तर पाना कुठेही टेकू द्या. नव्या गाडीत बॅटरी काढण्याआधी मॅन्युअल वाचा. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी जाड केबल दिसली तर तिला हात लावू नका. तिथे हाय व्होल्टेज असतं आणि ते काम कंपनीच्या माणसाचं.

२. हात लावण्याआधी नुसतं बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. ही पायरी सगळे गाळतात. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत हवेने मागे सरकतं. म्हणून गळतीचं मूळ शोधायचं ते ओल्या भागाच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात पुढच्या टोकाला. काळपट-तपकिरी चिकट असेल तर इंजिन ऑइल, हिरवं किंवा गुलाबी असेल तर बहुधा कूलंट, पिवळसर पातळ आणि आजूबाजूचा रंग उचलणारं असेल तर ब्रेक ऑइल. पेट्रोलचा वास येत असेल तर सफाई तिथेच थांबवून आधी मेकॅनिकला बोलवा.

३. उंदराचं घरटं असेल तर ते कोरडं उकरू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू हातावरच्या साध्या खरचटण्यातूनही शिरतात. बांधीत रोवणी करणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं, कारण हातापायांना जखमा असतातच. मास्क आणि मोजे घाला, घरट्यावर साबणाच्या पाण्याऐवजी थोडं ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, दोन्ही एकत्र कालवू नका. दहा मिनिटं थांबा, मग पिशवीत भरून टाका.

४. आता कोरडी सफाई. वायपरखालच्या जाळीतला पाला हाताने काढा, नाहीतर तिथली पाणी जाण्याची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी आत उतरतं. मग ब्रशने वरून खाली कोंडा झाडा. निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

५. झाकाझाकी. एअर फिल्टरचं तोंड, अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, ईसीयू आणि जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटर व कॉइल, यांना पिशव्या बांधा. काम संपल्यावर पिशव्या मोजून काढा. जेवढ्या बांधल्या तेवढ्याच निघाल्या पाहिजेत.

६. साबणाचं पाणी इंजिनवर ओतायचं नाही, ब्रशवर किंवा फडक्यावर घ्यायचं. एका वेळी वीतभर जागा. पाच मिनिटं भिजू द्या, टूथब्रशने घासा, फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसा. साबण वाळू देऊ नका. वायरींना ओढू नका, नुसतं पुसत जा. पुसताना प्रत्येक वायर बोटांखालून जाते आणि कुरतडलेली जागा आपोआप हाताला लागते.

७. बॅटरीच्या बुऱ्यावर सोड्याचं पाणी टूथब्रशने लावा. फसफसतं, कारण आम्ल आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड निघतो. फसफस थांबली की आम्ल संपलं. बॅटरीची झाकणं आधी घट्ट करा, सोडा आत जाता कामा नये. टर्मिनल कोरडे करून शेवटी पेट्रोलियम जेलीचा हलका हात फिरवा.

८. रेडिएटरच्या पत्र्यांवर मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही. पाणी मारायचंच तर इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे अडकलेलं बाहेर पडेल. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर असतं.

९. पिशव्या काढून बॉनेट तासभर उघडं ठेवा. बॅटरी जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. गाडी सुरू करून दहा मिनिटं नुसती चालू द्या. या वेळी गळ्यात दुपट्टा, ओढणी काही नको. रेडिएटरचा पंखा न विचारता सुरू होतो.

आणि एक राहिलं. काही जण शेवटी चमक यावी म्हणून डिझेलचा किंवा तेलाचा हात मारतात. दोन दिवस आरसा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कोंडा चिकटायला सुरुवात. इंजिन कोरडंच बरं.

पाणी जातं कुठे?

आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारी तलाव, गावच्या बोड्या, अंगणातली विहीर, सगळं जवळजवळ. तेलकट पाणी नालीत सोडलं की ते यातल्याच कुठेतरी पोहोचतं. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात धरलं आहे. म्हणून जाड तेल आधी वर्तमानपत्राने पुसून घ्या आणि गाडीखाली कोंड्याचा थर पसरा. ज्या कोंड्याला आपण इतकं बोललो तोच इथे तेल शोषून घेतो! तो भरून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. वर सांगितलेल्या पद्धतीने एक बादलीही पाणी लागत नाही, हा आणखी एक फायदा.

आठ दिवसांनी खरा निकाल

गोरेगाव तालुक्यात माझ्या काकांकडे कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० आहे. कंपनीने हे मॉडेल २०१४ साली बंद केलं, पण काकांनी नाही! गावात रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं, कुणाला कळा सुरू झाल्या, की हीच गाडी गोंदियाला निघते. मागच्या उन्हाळ्यात वर सांगितल्याप्रमाणे ती साफ केली. काका म्हणाले, "बाबू, एवढी मेहनत करून चमकली तर नाहीच." मी म्हटलं, "काका, तुम्ही आठ दिवस चालवा, मग बॉनेट उघडून बघा."

आठ दिवसांनी व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेला तेलाची एक बारीक ताजी रेघ दिसली. स्वच्छ धातूवर ती अशी दिसते जशी कोऱ्या कागदावर पेनाची ओळ. गास्केट बदललं, विषय संपला. पण सफाईच्याच दिवशी त्याहून मोठी गोष्ट हाती लागली होती. पेट्रोलच्या रबरी नळीवर, काळ्या थराखाली, उंदराच्या दातांच्या खुणा होत्या. नळी फुटली नव्हती, पण तिची भिंत निम्मी उरली होती. खाली हातभर अंतरावर मॅनिफोल्ड. नळी आणि दोन क्लिप मिळून खर्च किरकोळ होता. ती नळी रात्रीच्या रस्त्यात, मागच्या सीटवर पेशंट असताना गेली असती तर काय झालं असतं याचा हिशोब कुठल्याही पुस्तकात नाही.

तेव्हा मित्रांनो, वर्षातून दोनदा हे काम करा. एकदा खरिपाचा धान गिरणीत जाऊन कोंड्याचा हंगाम ओसरला की, साधारण फेब्रुवारीत, आणि एकदा मृगाच्या आधी. सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना सांगा, "गाडी मी बघतो." एक फडकं, एक टूथब्रश आणि तीन तास. प्रत्येक वायर आणि नळी स्वतःच्या बोटांनी तपासून पाहिली की पुढच्या वेळी मेकॅनिक काय सांगतोय तेही नीट समजतं, आणि इंजिनिअरिंगला घातलेल्या पोराचा घरच्यांना काहीतरी उपयोग झाला असंही होतं!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल